चौथ्या मजल्यावरचं हळदीकुंकू

२ जानेवारी, शुक्रवार

नवी डायरी. जुनीत पानं शिल्लक होती, पण तिच्यात अभयच्या औषधांच्या वेळा आणि दूधवाल्याचे खाडे आहेत. एमएच्या विद्यार्थिनीला ते शोभत नाही.

आज प्रोजेक्टचे विषय ठरले. पेपरचं नाव 'समकालीन सामाजिक प्रश्न आणि लोकमोहिमा'. रणजित सर म्हणाले, प्रत्येकानं एक चालू प्रश्न घ्या, त्यावर स्वतः मोहीम चालवा आणि सव्वीस तारखेपर्यंत निष्कर्ष द्या. पोरांनी ठरलेलेच विषय घेतले. कबुतरांना दाणे घालू नका. डीजे बंद करा. एकानं 'मोबाईलचा अतिवापर' घेतला आणि तो विषय सरांना शेवटच्या बाकावरून मोबाईलवरच कळवला.

मी उभी राहिले. म्हणाले, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांना बोलावत नाहीत, त्याविरुद्ध मोहीम. वर्ग एकदम शांत झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी वर्ग शांत करता येतो हे पाहून बरं वाटलं. नंतर कळलं की तास संपला होता आणि सगळे मी खाली बसायची वाट बघत होते.

सरांनी विचारलं, मॅडम, विषयाशी काही वैयक्तिक संबंध? सर चौतीस वर्षांचे आहेत. मी म्हणाले, अजिबात नाही. पूर्ण ऑब्जेक्टिव्ह.

आणि ते खरंच आहे. अभयला जाऊन येत्या मार्चला तीन वर्षं होतील. तेव्हापासून सोसायटीत मला कोणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. मला त्याचं काही वाटलेलं नाही. फक्त नोंद आहे. चौथ्या मजल्यावरची सोनाली दरवर्षी हातात करंडा घेऊन दारोदार बोलावणं करत जिन्यानं खाली येते. तिच्या चपलांचा आवाज वरून निघतो, तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारापाशी येतो आणि न थांबता दुसऱ्यावर जातो. मागच्या वर्षी मी नेमका त्याच वेळी कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं. तीनदा. एकट्या बाईच्या घरात एवढा कचरा होत नाही. तेव्हा मी एमएला नव्हते, पण निरीक्षणाची आवड होतीच.

निश्चय: यंदा बोलावण्याची वाट बघायची नाही. तशी कधी बघितली नव्हतीच.

५ जानेवारी, सोमवार

प्रोजेक्ट पार्टनर मिळाली. शेफाली, वय एकवीस, वाघोलीहून दोन बस बदलून येते, तोंडानं फटकळ. बाकीच्यांनी आधीच जोड्या लावल्या होत्या, आम्ही दोघी उरलो. मी तिला म्हणाले, मला नुसतं तनुजा म्हण, इथे आपण क्लासमेट आहोत. ती म्हणाली, ओके काकू.

मोहिमेचं नाव ठरवलं: अखंड सन्मान तिळगूळ सोहळा. शेफाली म्हणाली, साडीच्या दुकानाचा सेल वाटतोय. तरुण पिढीला भारदस्तपणा कळत नाही.

तारीख रथसप्तमी, म्हणजे पंचवीस, रविवार. जागा सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. वंचित भगिनींना पहिल्या रांगेत मानाचं स्थान. माझं प्रास्ताविक वीस मिनिटं. शेवटी सर्वांच्या साक्षीनं मी स्वतः कुंकू लावून घेणार. प्रतीकात्मक कृती म्हणून. आधी कर्वेनगर, मग पेठा, मग जिल्हा.

शेफालीनं विचारलं, पण काकू, तुम्हाला लावणार कोण?

हा तपशील आहे. नंतर बघू.

७ जानेवारी, बुधवार. दुपार

प्रास्ताविक लिहायला बसले. विचार इंग्रजीत येतात आणि मराठीत येईपर्यंत थकतात. कॉन्व्हेंटची कृपा.

आमच्या कॅम्पातल्या शाळेत कपाळाला काही चालायचं नाही. आई सकाळी दोन वेण्या घालून मधोमध बारीक कुंकू लावायची. फाटकाबाहेर मी रुमालाच्या टोकानं ते पुसायची. संध्याकाळी शाळा सुटली की आई फाटकातच पर्समधली डबी काढून पुन्हा लावायची. एकदा मी वैतागून विचारलं, मी रोज पुसते, मग तू लावतेस कशाला? ती म्हणाली, पुसतेस तू. लावते मी. सिस्टर बर्नाडेटला सगळं माहीत होतं. ती नुसतं म्हणायची, तनुजा, युवर हँकी इज ब्लशिंग.

हे प्रास्ताविकात बसत नाही. काढून टाकलं. काढायला तास गेला.

लग्नानंतर टिकलीवर आले. अभय गेल्यावर टिकलीही सुटली. कोणी सोडायला सांगितली नव्हती. असल्या गोष्टी कोणाला सांगाव्या लागत नाहीत, हाच माझा मुख्य मुद्दा आहे. अधोरेखित केला.

१० जानेवारी, शनिवार

महापालिकेची निवडणूक तोंडावर. संक्रांत अजून यायची आहे, पण उमेदवारांची आधीच आली. एका उमेदवाराच्या सौभाग्यवतींनी मैदानावर भव्य हळदीकुंकू ठेवलं होतं. बोलावणं घरोघर. मलासुद्धा! मतदारयादीत नवरा असल्या-नसल्याचा रकाना नसतो. लोकशाहीबद्दल माझं मत सुधारलं.

अर्थात रिसर्चसाठी गेले. पुण्यात मोहिमेला आधी फ्लेक्स लागतो, मग फ्लेक्सविरुद्ध मोहीम निघते, मग तिचा फ्लेक्स लागतो. इथे फ्लेक्सवर एवढे हात जोडलेले होते की कोणाचे कुठले हे कळेना. रांगेत उभी राहिले. पुढे एक मुलगी हळदीकुंकू लावत होती, पोस्टात शिक्के मारतात त्या वेगानं. माझा नंबर आला, तिनं बोट पुढे केलं आणि मी बाजूला झाले. मागे गर्दी फार होती. रेटारेटी होऊ नये म्हणून.

स्टीलचा डबा मात्र घेतला. पुरावा म्हणून. झाकणावर उमेदवाराचा फोटो आहे. त्यात रवा भरला.

शेफालीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे लावत होते आणि तुम्हीच नको म्हणालात? मी म्हणाले, ते राजकीय कुंकू होतं.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी कसबा पेठेत. तांबट आळीत करंडा बघितला, तांब्याचा, छान ठोक्यांचा. मी झाकण दोनदा उघडून लावलं. दुकानदार पेपरातून डोकं न काढता म्हणाले, घ्यायचा असेल तर उघडा, नसेल तर तो बंदच बरा दिसतो. घेतला. त्यांनी विचारलं, सुनेसाठी का? मी म्हणाले, नाही, संशोधनाची सामग्री. त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचलला.

संध्याकाळी सर्वेक्षण सुरू. पहिल्या मजल्यावरच्या राधाकाकू. वय पंच्याहत्तरच्या पुढे, काका जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या अभ्यासासाठी आदर्श. मी हळुवारपणे विचारलं, काकू, हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही तेव्हा मनात काय येतं?

त्या म्हणाल्या, मला? मला बोलावतात की. सोनालीचं बोलावणं मला कधी चुकत नाही. तिचा मसाला दुधाचा हात चांगला आहे, केशर घालताना हात आखडत नाही. मग मला स्वयंपाकघरात नेऊन वर्षावर्षाची वाणं दाखवली. चाळण्या, चमचे, वाट्या, एक फळी भरून. म्हणाल्या, तुला एखादी चाळणी हवी का?

नोंद: राधाकाकू अपवाद. वयामुळे सवलत मिळत असावी. संशोधनात याला आउटलायर म्हणतात. पाहणीतून वगळलं.

१३ जानेवारी, मंगळवार

बी विंगमधल्या दोघींकडे गेले. दोघींचे नवरे नाहीत. दोघींनाही बोलावणं असतं. एक म्हणाली, गेल्या वर्षी उखाणासुद्धा घेतला, त्यांच्याच नावाचा. ते असताना कधी आठवला नाही, आता बरोब्बर आला.

आउटलायर तीन. बोलावण्यातून वगळलेली: एक. शेफाली म्हणाली, काकू, सॅम्पल फारच लहान होत चाललंय. मी तिला सांगितलं, अन्याय संख्येवर मोजत नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

काळी साडी नेसले. निरीक्षक म्हणून वातावरणाशी एकरूप व्हायला हवं. तिळगूळ केला, जरा कडक झाला, फोडायला बत्ता घ्यावा लागला. चारपासून घरात बाहेरच्या खोलीत बसून होते. जिना नीट ऐकू यावा म्हणून टीव्ही बंद.

पाचला बेल वाजली. पेस्ट कंट्रोलवाला. त्याला तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले. तो म्हणाला, मॅडम, फवारणी झाली की दोन तास घरात काही खाऊ नका, गोडसुद्धा.

सोनालीचं हळदीकुंकू यंदाही रथसप्तमीलाच आहे, असं वॉचमनकडून कळलं. म्हणजे माझ्याच दिवशी. हा योगायोग नाही. हा संघर्ष आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

मतदान केलं. बोटाला शाई लावून घेतली. लावणाऱ्यानं काही विचारलं नाही, आणि मीही मागे सरकले नाही. घरी येईपर्यंत बोटाकडे बघत होते. उगीचच.

१८ जानेवारी, रविवार

फील्ड व्हिजिट, वाघोली. शेफालीची आजी मैनाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, पती जाऊन वीस-एक वर्षं. शहराच्या कडेला रूढी जास्त घट्ट असतात, असं मी प्रास्ताविकात लिहूनच ठेवलं होतं. फक्त खात्री करायची होती.

मैनाबाईंनी माझी प्रश्नावली घेतली, चष्मा लावला आणि लाल पेनानं तपासली. प्रश्न चारला लिहिलं, 'उत्तर प्रश्नातच आहे.' दहापैकी पाच दिले. मग म्हणाल्या, अहो ताई, आम्ही बौद्ध. आमच्या सासऱ्यांनी छप्पन्न साली हे सगळं सोडलं. हळदीकुंकूच न्हाई, तर बोलावतंय कोण आणि वगळतंय कोण? आम्ही बाहेर येऊन सत्तर वर्षं झाली आणि तुम्ही आत शिरायला मोर्चा काढताय व्हय?

शेफाली हसायला लागली. हे तिनं आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, काकू, तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही म्हणालात, तुझी आजी विधवा आहे ना, छान.

निघताना मैनाबाईंनी हातावर भाजलेल्या शेंगा ठेवल्या. म्हणाल्या, एक विचारू का? तुम्हाला कुंकू पाहिजे की माणसं पाहिजेत?

प्रश्न अस्पष्ट. बसमध्ये तसंच ठरवलं. विमाननगर आलं तरी तेच ठरवत होते.

२० जानेवारी, मंगळवार

राधाकाकूंना सोहळ्याचं निमंत्रण द्यायला गेले. पहिल्या रांगेत मधली खुर्ची त्यांची, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, पंचवीसला मी सोनालीकडे असते. मग चहा ठेवला आणि गॅसकडे तोंड करून म्हणाल्या, तनुजा, तुला खरंच वाटतं का गं, की अभय गेला म्हणून ती तुला बोलावत नाही?

मी म्हणाले, प्रश्न माझा नाहीच आहे.

त्या म्हणाल्या, बरं, नाही. पण ते वजनाचं आठवतं का?

मला आठवेना. त्यांनी आठवण करून दिली. चार वर्षांपूर्वी सोनालीनं वाण म्हणून प्रत्येकीला फ्रिजची बाटली दिली होती, निळ्या झाकणाची. मी तेव्हा प्लास्टिकविरोधी मोहिमेत होते. जिन्यात उभी राहून मी सगळ्यांकडून बाटल्या परत घेतल्या, अभयच्या बॅगा तोलायच्या काट्यावर तोलल्या आणि आकडा सोसायटीच्या बोर्डावर लावला. 'सोनाली यांच्या हळदीकुंकवातून सोसायटीत आलेला प्लास्टिक कचरा: साडेचार किलो.'

राधाकाकू म्हणाल्या, तिचं ते इथलं पहिलं हळदीकुंकू होतं. पोरगी माझ्याकडे येऊन ओट्याला टेकून रडली. पुढच्या वर्षीपासून तिनं तुझं दार सोडलं. तेव्हा अभय होता गं.

हो, आता आठवलं. मोहीम यशस्वी झाली होती. दुसऱ्या दिवशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं, त्यावरूनच मी तसं समजले. आकडाही बरोबर होता, दोनदा तोलला होता. पुढच्या संक्रांतीला बोलावणं आलं नाही हे मला कळलंच नाही. तो अख्खा जानेवारी मी अभयबरोबर हॉस्पिटलात होते.

राधाकाकू म्हणाल्या, एक जिना चढून जा आणि बोल तिच्याशी. मी म्हणाले, काकू, संशोधनाच्या मध्यावर मला हस्तक्षेप करता येत नाही. त्या म्हणाल्या, मग चहा तरी पी.

या माहितीचं काय करायचं हे ठरलेलं नाही. तूर्तास परिशिष्टात.

२२ जानेवारी, गुरुवार

बोर्डावर सोहळ्याची सूचना लावली. 'नवरा नसलेल्या भगिनींसाठी पहिली रांग राखीव. कृपया इतरांनी बसू नये.' पाच खुर्च्यांवर कागदही चिकटवले.

तासाभरात बी विंगमधल्या दोघी आल्या. एक म्हणाली, तनुजाताई, आम्ही चारचौघींत बसतो तेव्हा कोणाच्या लक्षातही नसतं. तुम्ही तर खुर्चीवर कागदच लावलात. दुसरी म्हणाली, बसमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवर मी बसत नाही, आणि ह्या खुर्चीवर बसू?

निष्कर्ष: अन्यायाची जाणीव नसणं हाच सर्वांत मोठा अन्याय. हे वाक्य चांगलं जमलं. शेफालीला पाठवलं. तिनं नुसता डोळे फिरवणारा चेहरा पाठवला.

२३ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ

सोनालीचं बोलावणं आज. वरून चपला वाजायला लागल्या तेव्हा मी सहज दारापाशी होते. पायपुसणं सरळ करत. पीपहोलमधून बघितलं. मोरपंखी साडी, हातात करंडा. माझ्या दारापाशी आली. आणि थांबली.

नोंद: थांबली.

तिनं दाराकडे बघितलं. पीपहोलमधून माणसाचं नाक मोठं दिसतं आणि डोळे लांब, त्यामुळे चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही. करंड्याच्या झाकणावर बोटं वाजवत होती. मी श्वास धरला. कडी माझ्या हातात होती. दार उघडता आलं असतं. पण निरीक्षकानं निरीक्षण करायचं असतं.

मग ती खाली गेली.

कचरा ठेवायला आज दार उघडलं नाही. कचरा होता, तरीही.

२४ जानेवारी, शनिवार

तयारी पूर्ण. खुर्च्या मांडल्या. माईक तपासला, दर तिसऱ्या शब्दाला शिट्टी मारतो. वाणासाठी कापडी पिशव्या. प्रास्ताविक पाठ. उपस्थितीचा अंदाज पन्नास. शेफाली म्हणाली, पाच धरा. मी तिला सांगितलं, मोठ्या मोहिमा अशाच माणसांमुळे अडतात.

निश्चय: उद्या सोनालीबद्दल मनात काही ठेवायचं नाही. तिची माणसं खाली माझ्याकडे आली तर तिला वाईट वाटेल. तेव्हा तिला मोठेपणानं बोलवायचं.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

सव्वापाच. हॉलमध्ये मी आणि शेफाली. पुणेकर वेळेवर येतात, त्यामुळे जरा काळजी.

पावणेसहा. वॉचमन डोकावला. मी या म्हणाले. त्यानं पंखे बंद केले आणि गेला.

सहा. लिफ्ट सारखी वर जाते आहे. चौथ्या मजल्यावरून हसण्याचा आवाज इथपर्यंत. शेफाली म्हणाली, काकू, प्रास्ताविक मला म्हणून दाखवा, मी ऐकते. चार मिनिटांनी तिनं विचारलं, हे वीस मिनिटं चालतं का?

सव्वासहा. राधाकाकू आल्या! मी धावत जाऊन हात धरला, पहिल्या रांगेकडे नेऊ लागले. त्या म्हणाल्या, अगं, बसायला नाही आले, खुर्च्या न्यायला आलेय. वर बायकांना बसायला जागा नाही. तुझ्या तर रिकाम्याच आहेत. आणि पहिल्या रांगेतल्याच दोन घेतल्या, कागदासकट.

पंच्याहत्तरीच्या बाईला खुर्च्या कशा नेऊ देणार? सिस्टर बर्नाडेटनं शिकवलंय. मी दोन घेतल्या, शेफालीनं तीन. शेफाली म्हणाली, लिफ्टमध्ये कागद काढा काकू, प्लीज. काढले.

आता पुढचं नीट लिहून ठेवते.

दारात सोनाली. माझ्या दोन्ही हातांत खुर्च्या. तिनं खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हणाली, खाली कोणी नाही आलं का? मी म्हणाले, प्रतिसाद संमिश्र आहे. ती म्हणाली, खुर्च्या दाराशी नका ठेवू, आत द्या. दिल्या. वळले. ती म्हणाली, थांबा.

करंडा उघडला. बोट कुंकवात घातलं. माझं प्रास्ताविक पूर्ण पाठ होतं, प्रतीकात्मक कृतीचा परिच्छेद तर झोपेतही म्हटला असता. पण मी मागे सरकले आणि तोंडातून निघालं, अगं, अभय गेला ना.

ती म्हणाली, माहितीये मला. तेरा दिवस सकाळचा डबा कोण आणत होतं? पिठलं-भात तुम्हाला जरा आवडायचा, भाजी परत यायची.

डबा कोणाचा होता हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. स्टीलचा होता. दारात ठेवलेला असायचा.

मी म्हणाले, तू? ती म्हणाली, बोलत नव्हते तुमच्याशी. उपाशी कुठे ठेवलं? मग म्हणाली, मान वर करा, नाकावर सांडेल. मागे लाइन लागलीये.

हळद लावली. कुंकू लावलं. बोट गार होतं तिचं.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, सोनाली, ते वजन. ती म्हणाली, आत व्हा आधी, दार अडतंय.

आत बसायला जागा नव्हती. खालून आणलेल्या खुर्च्यांवर बी विंगच्या दोघी बसल्या होत्या, मजेत. मला शूरॅकशेजारचं स्टूल. शेफालीला सोनालीनं विचारलं, तुला लावू का गं? ती म्हणाली, आमच्यात नसतं ताई, पण करंजी चालेल. सोनाली म्हणाली, करंजीला कोणाची ना आहे, दोन घे. मटाराच्या होत्या. शेफालीनं चार घेतल्या. मी उभं राहून प्रास्ताविकाला सुरुवात केली, भगिनींनो, आजच्या काळात. राधाकाकू म्हणाल्या, तनुजा, बस, दुधावर साय येतेय. बसले.

केशर खरोखर भरपूर होतं.

एकच तक्रार. वाण सगळ्यांना मिळालं, मला नाही. मोजून आणलं होतं आणि माझं नाव धरलेलं नव्हतं. सोनाली म्हणाली, उद्या देते. हा मुद्दा निष्कर्षात घ्यायचा का ते ठरवायचं आहे.

येताना लिफ्टच्या आरशात बघितलं. कुंकू वाकडं लागलंय, डावीकडे. सरळ करायला बोट नेलं आणि तसंच खाली घेतलं.

२६ जानेवारी, सोमवार

सोसायटीत झेंडावंदन. मग प्रोजेक्टला बसले. सरांना आजच हवं आहे.

शोधनिष्कर्ष: 'पाहणीत वगळलं गेल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही.' हे वाक्य लिहायला दोन कप चहा लागला. महिनाभराची मेहनत, पेठा राहिल्या, जिल्हा राहिला. शेफालीनं खाली भर घातली, 'एक प्रकरण आढळलं होतं, ते संशोधनादरम्यान करंजी खाताना दिसलं.' खोडायला सांगितलं. तिनं तसंच पाठवलं. सरांचं उत्तर आलं, मॅडम, ही ओळ सर्वांत चांगली आहे.

साडेअकराला मोबाईल वाजला. सोनालीनं मला सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर घेतलं. 'तनुजाताई ॲड झाल्या.' मी चष्मा पुसला. आता स्वागताचे मेसेज येतील, त्याला उत्तर काय द्यायचं ते मनात जुळवलं. नम्र, थोडक्यात, शेवटी मोहिमेचा ओझरता उल्लेख.

पहिला मेसेज आला. सोनालीचा.

'काल हॉलमधल्या खुर्च्या ज्यांनी वर आणल्या, त्यांनी आज खाली नेऊन ठेवाव्यात. लिफ्ट बंद आहे.'

अंगठा पाठवला. निघते.